हॅरी फर्ग्युसन

हेन्री जॉर्ज ऊर्फ हॅरी फर्ग्युसन (जन्म : ग्रोवेल, काउंटी डाउन, आयर्लंड, ४ नोव्हेंबर १८८४, मृत्यू : ॲबट्सवूड, ग्लॉस्टरशायर, इंग्लंड, २५ ऑक्टोबर १९६०) हे आयरिश यंत्रज्ञ, संशोधक व उद्योजक होते. ट्रॅक्टर आणि त्यामागील मशागतीचे अवजार यांना एकसंध यंत्र बनवणारी तीन-बिंदू जोडणी (थ्री-पॉइंट लिंकेज) आणि तिच्यासोबतची हायड्रॉलिक खोली-नियंत्रण पद्धती या त्यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या मुख्य कामगिऱ्या होत. आज जगभर तयार होणाऱ्या बहुतेक शेती ट्रॅक्टरांना याच तत्त्वावरची जोडणी असते. आयर्लंडमध्ये स्वतः बांधलेले विमान उडवणारे पहिले गृहस्थ म्हणूनही त्यांची नोंद आहे. मॅसी फर्ग्युसन या ट्रॅक्टर कंपनीच्या नावातील उत्तरार्ध त्यांचाच आहे.

सुरुवातीचे जीवन

फर्ग्युसन यांचा जन्म ड्रोमोर गावाजवळील ग्रोवेल येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. जेम्स फर्ग्युसन यांच्या अकरा अपत्यांपैकी ते चौथे. घरातील वातावरण अत्यंत धार्मिक व कडक शिस्तीचे होते. वडिलांशी त्यांचे फारसे पटले नाही आणि पुढे ते अज्ञेयवादी झाले. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्या शेतावर काम करू लागले. घोड्यांच्या नांगरामागे दिवसभर चालण्याचे कष्ट त्यांनी येथेच अनुभवले. शेतीत मन न रमल्याने त्यांनी कॅनडाला स्थलांतर करण्याचा विचार केला होता; परंतु १९०२ मध्ये थोरले बंधू जो यांनी त्यांना बेलफास्ट येथील आपल्या सायकल व मोटार दुरुस्तीच्या कार्यशाळेत उमेदवार म्हणून घेतले. यंत्राच्या आवाजावरून त्यातील बिघाड ओळखण्याचे कसब त्यांनी तेथे मिळवले. धंद्याची जाहिरात व्हावी म्हणून ते मोटारसायकल शर्यतींतही भाग घेत.

विमानोड्डाण व मोटार व्यवसाय

राइट बंधूंच्या उड्डाणांच्या बातम्यांनी प्रेरित होऊन फर्ग्युसन यांनी १९०९ मध्ये एकपंखी विमान बांधण्यास घेतले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथील उद्यानात त्यांनी या विमानातून सुमारे १३० यार्ड (जवळपास ११९ मीटर) अंतर कापले. आयर्लंडमधील हे पहिले यांत्रिक विमानोड्डाण मानले जाते. ऑगस्ट १९१० मध्ये न्यूकॅसल येथील समुद्रकिनाऱ्यावर सुमारे तीन मैलांचे उड्डाण करून त्यांनी १०० पौंडांचे पारितोषिक मिळवले.

उड्डाणाच्या या छंदातील धोका व भविष्य यांवरून भावांत मतभेद झाले. १९११ मध्ये हॅरी यांनी बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर स्वतंत्र मोटार विक्री व्यवसाय सुरू केला. पुढे त्याचे नाव हॅरी फर्ग्युसन लिमिटेड झाले. या व्यवसायात नोकरीस लागलेले विली सँड्स हे कुशल कारागीर पुढील अनेक वर्षे त्यांचे निकटचे सहकारी राहिले. फर्ग्युसन यांच्या अनेक कल्पना प्रत्यक्ष लोखंडात उतरवण्याचे श्रेय सँड्स यांना दिले जाते. १९१३ मध्ये फर्ग्युसन यांचा विवाह मॉरीन वॉटसन यांच्याशी झाला. त्यांना एक कन्या होती. याच काळात ते अल्स्टरमधील युनियनवादी चळवळीत सक्रिय होते.

नांगराच्या चाचण्या

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये अन्नधान्याची टंचाई भासू लागली आणि सरकारने ट्रॅक्टरने नांगरणी वाढवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. फर्ग्युसन यांची कंपनी त्या वेळी ओव्हरटाइम या नावाचा अमेरिकी बनावटीचा ट्रॅक्टर विकत होती. १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी खात्याने देशातील ट्रॅक्टरांच्या कामात सुधारणा करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. फर्ग्युसन व सँड्स यांनी गावोगावी फिरून शेतांत चालू असलेली नांगरणी पाहिली, चालकांना यंत्र वापरण्याचे धडे दिले आणि नांगर कोठे व का बिघडतात याचे निरीक्षण केले.

या पाहणीतून त्यांना दिसले की, ट्रॅक्टर नवा असला तरी त्यामागचा नांगर घोड्याच्याच पद्धतीने, साखळी किंवा दांड्याने ओढला जातो. अशा ओढनांगराला स्वतःची चाके व तरफा असल्याने तो जड होई. शेताच्या टोकाशी वळण घेण्यासाठी बरीच जमीन सोडावी लागे व मागे सरकणे जवळजवळ अशक्य होई. अवजड ट्रॅक्टरमुळे माती दाबली जाई ती वेगळीच. याहून गंभीर दोष जिवावर बेतणारा होता. नांगराचा फाळ जमिनीतील खडकात किंवा मुळात अडकला की चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे पुढचे टोक वर उचलले जाई आणि संपूर्ण यंत्र मागे उलटून चालकावर पडे. फोर्डसन ट्रॅक्टरचा प्रसार झाल्यावर अशा अपघातांत अनेक चालक मृत्युमुखी पडले.

ट्रॅक्टर व नांगर ही दोन वेगळी यंत्रे न मानता एकाच यंत्राचे दोन भाग मानावेत, असा निष्कर्ष फर्ग्युसन यांनी काढला. १९१७ मध्ये त्यांनी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीपासून बनवलेल्या इरॉस ट्रॅक्टरसाठी बिनचाकी, हलका नांगर तयार केला. तो थेट ट्रॅक्टरला जोडलेला असे आणि चालकाला आपल्या जागेवरून तरफेने उचलता येई. ही रचना बेलफास्ट नांगर म्हणून ओळखली गेली. फोर्डसन बाजारात येताच इरॉस मागे पडला. म्हणून फर्ग्युसन यांनी फोर्डसनसाठी एकावर एक अशा दोन समांतर दांड्यांची दुहेरी जोडणी (डुप्लेक्स हिच) तयार केली. या जोडणीत नांगर अडकल्यास वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटत असल्याने पुढची चाके जमिनीवर टेकून राहत आणि ट्रॅक्टर उलटण्याचा धोका टळे.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांनी अमेरिकेत जाऊन हेन्री फोर्ड यांच्यासमोर या नांगराचे प्रात्यक्षिक केले. फोर्ड यांनी त्यांना नोकरी देऊ केली व नंतर स्वामित्वहक्क विकत घेण्याची तयारी दाखवली. फर्ग्युसन यांनी दोन्ही नाकारले. १९२५ मध्ये शर्मन बंधूंसह त्यांनी इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल येथे नांगर बनवणारी फर्ग्युसन-शर्मन कंपनी स्थापन केली. तथापि, १९२८ मध्ये फोर्ड यांनी अमेरिकेतील फोर्डसनचे उत्पादन बंद केले आणि त्या ट्रॅक्टरवर अवलंबून असलेला हा व्यवसायही संपुष्टात आला.

तीन-बिंदू जोडणी

दुहेरी जोडणीने उलटण्याचा प्रश्न सुटला तरी खोलीचा प्रश्न उरला होता. नांगराला चाक नसल्याने ट्रॅक्टर उंचवट्यावर चढला की फाळ खोल जाई व खळग्यात उतरला की वर येई. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर फर्ग्युसन, सँड्स व आर्ची ग्रीअर यांनी यावर हायड्रॉलिक उपाय शोधला. या तत्त्वाचा ब्रिटिश स्वामित्वहक्क १९२६ मध्ये मिळाला.

अंतिम स्वरूपात या पद्धतीत ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन व वर मधोमध एक असे तीन दांडे असतात. खालचे दांडे अवजार ओढतात व हायड्रॉलिक पंपाच्या साहाय्याने ते उचलतात. जमिनीत चालणाऱ्या अवजाराचा कल पुढे कलंडण्याकडे असतो, त्यामुळे वरच्या दांड्यावर दाब येतो. अवजार ठरलेल्या खोलीपेक्षा खाली गेले की ओढ वाढते, वरच्या दांड्यावरील दाब वाढून एक स्प्रिंग दबली जाते आणि तिच्यामुळे झडप उघडून अवजार किंचित उचलले जाते. ओढ कमी झाली की उलट क्रिया घडते. चालकाने एकदा तरफ लावली की पुढचे नियमन यंत्र स्वतः करते.

या रचनेचे आणखी दोन परिणाम होतात. एक म्हणजे अवजाराचे वजन व त्यावरील मातीचा भार मागच्या चाकांवर येतो. त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही पुरेशी पकड मिळते आणि अवजड यंत्राची गरज राहत नाही. दुसरा म्हणजे अवजार एखाद्या खडकाला किंवा जाड मुळाला अडल्यास मागच्या चाकांवरील भार कमी होऊन चाके जागीच फिरू लागतात. त्यामुळे अवजार मोडत नाही आणि चालकालाही इजा होत नाही.

१९३३ मध्ये फर्ग्युसन यांनी आपली पद्धती दाखवण्यासाठी बेलफास्ट येथे स्वतःचा नमुना ट्रॅक्टर बांधून घेतला. काळ्या रंगामुळे तो ब्लॅक ट्रॅक्टर म्हणून ओळखला जातो. तो सध्या लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

डेव्हिड ब्राऊन यांच्याशी भागीदारी

ब्लॅक ट्रॅक्टरसाठी गिअर पुरवणाऱ्या हडर्सफील्ड येथील डेव्हिड ब्राऊन कंपनीने १९३६ पासून फर्ग्युसन यांच्या आराखड्यानुसार टाइप ए हा ट्रॅक्टर बनवण्यास सुरुवात केली. तो फर्ग्युसन-ब्राऊन या नावानेही परिचित आहे. त्याच्यासोबत नांगर, कुळव व सरी पाडण्याची अवजारे स्वतंत्रपणे विकली जात. ट्रॅक्टर कार्यक्षम होता, पण जुनी ओढ-अवजारे त्याला चालत नसल्याने शेतकऱ्याला ट्रॅक्टरबरोबर सर्व अवजारेही नवी घ्यावी लागत. विक्री मंद राहिली आणि सुमारे १,३५० ट्रॅक्टर तयार झाल्यावर हे उत्पादन थांबले. अधिक शक्तीचा ट्रॅक्टर काढावा असे ब्राऊन यांचे मत होते, तर उत्पादन वाढवून किंमत कमी करावी असे फर्ग्युसन यांचे. या मतभेदातून भागीदारी तुटली.

फोर्ड यांच्याशी तोंडी करार

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन टाइप ए ट्रॅक्टर व त्याची अवजारे घेऊन अमेरिकेत डिअरबॉर्न येथे गेले. हेन्री फोर्ड यांच्या फेअर लेन या निवासस्थानाच्या आवारात त्यांनी प्रात्यक्षिक दाखवले. त्यानंतर मेजावर एक छोटे प्रतिरूप ठेवून त्यांनी जोडणीचे तत्त्व फोर्ड यांना समजावून दिले. फोर्ड यांनी ट्रॅक्टरचे उत्पादन करावे, फर्ग्युसन यांनी आराखडा, अवजारे व विक्री सांभाळावी, असे दोघांत ठरले. हा करार केवळ हस्तांदोलनाने झाला. त्याची कोणतीही लेखी नोंद करण्यात आली नाही.

जून १९३९ मध्ये फोर्ड ९एन हा ट्रॅक्टर जाहीर झाला. त्याच्या दर्शनी भागावर फर्ग्युसन पद्धतीचे नाव होते. १९४७ पर्यंत या कराराखाली तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. हेन्री फोर्ड यांच्या ब्रिटनमधील कंपनीने मात्र हा ट्रॅक्टर बनवण्यास घेतला नाही, याचे फर्ग्युसन यांना दुःख होते.

टीई२०

ब्रिटनमधील उत्पादनासाठी फर्ग्युसन यांनी स्टँडर्ड मोटार कंपनीचे प्रमुख सर जॉन ब्लॅक यांच्याशी करार केला. युद्धकाळात विमानांची इंजिने बनवण्यासाठी उभारलेल्या कव्हेंट्री येथील बॅनर लेन कारखान्यात १९४६ पासून टीई२० ट्रॅक्टर तयार होऊ लागला. राखाडी रंगामुळे शेतकरी त्याला लाडाने लिटल ग्रे फर्गी म्हणत. १९५६ पर्यंत असे ५ लाख १७ हजारांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. सुमारे सव्वा टनाच्या आतील हा ट्रॅक्टर लहान शेतकऱ्याला घोड्यांऐवजी परवडेल अशा बेताने आखलेला होता. तो वापरण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी कव्हेंट्रीजवळ स्टोनली येथे शाळा चालवली जाई.

न्यूझीलंडचे एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी अंटार्क्टिका मोहिमेत पट्टे बसवलेले टीई२० वापरले आणि ४ जानेवारी १९५८ रोजी ते दक्षिण ध्रुवावर पोहोचले.

फळबागांतील मशागत

फर्ग्युसन यांची पद्धती मोकळ्या शेतातील नांगरणीच्या चाचण्यांतून विकसित झाली असली तरी फळबागा व द्राक्षमळे यांना तिचा विशेष उपयोग झाला. बागेत मशागतीचे यंत्र तपासताना उघड्या शेतापेक्षा वेगळे निकष लावावे लागतात. झाडांच्या ओळींमधील जागा मर्यादित असते, ओळीच्या टोकाशी वळायला थोडीच जागा मिळते आणि खाली झुकलेल्या फांद्यांमुळे उंच यंत्र चालत नाही. अन्न शोषणारी बारीक मुळे पृष्ठभागाजवळ असल्याने मशागत उथळ व एकसारख्या खोलीची असावी लागते. फाळ काही बोटे खोल गेला तरी मुळे तुटून झाडाला इजा होते. वारंवार जाणाऱ्या जड चाकांखाली माती घट्ट झाल्यास पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही.

ओढ-अवजार यांतील बहुतेक कसोट्यांवर उणे ठरत असे. ट्रॅक्टर वळला तरी मागचे अवजार आडवे जाऊन बुंध्यांना घासे आणि ते मागे नेता येत नसे. ट्रॅक्टरला जोडलेले अवजार मात्र ओळीच्या टोकाशी उचलून जागीच वळवता येते, मागे सरकून झाडाजवळच्या कोपऱ्यात टेकवता येते आणि उचललेल्या स्थितीत अरुंद वाटेने नेता येते. फर्ग्युसन यांच्या प्रात्यक्षिकांतील एक नेहमीचा प्रयोग हेच दाखवण्यासाठी होता. दोरीने चारी बाजूंनी बंद केलेल्या छोट्या तुकड्यात ट्रॅक्टर नेला जाई, कोपऱ्यांसह सर्व जमीन मशागत केली जाई आणि चाकांचा माग न ठेवता ट्रॅक्टर बाहेर काढला जाई.

टीई२० चे अरुंद व द्राक्षमळ्यांसाठीचे खास प्रकार काढण्यात आले. त्यांतील चाकांमधील अंतर नेहमीच्या ट्रॅक्टरपेक्षा कमी होते. अवजारांमध्ये नांगराबरोबर तव्यांचा कुळव आणि स्प्रिंगवर बसवलेल्या दात्यांचा कुळव हे प्रकार होते. दाता दगडात किंवा मुळात अडकला की स्प्रिंगमुळे मागे सरून पुन्हा जागेवर येई. या पद्धतीला मर्यादाही होत्या. खोलीचे नियंत्रण ओढीवर अवलंबून असल्याने फार उथळ व हलक्या कामात, किंवा मातीचा प्रकार पावलोपावली बदलत असल्यास, खोली एकसारखी राहत नसे. अशा ठिकाणी अवजाराला खोलीचे चाक लावण्याची किंवा उंची स्थिर ठेवणारे वेगळे नियंत्रण वापरण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

फोर्ड कंपनीविरुद्ध खटला

१९४५ मध्ये फोर्ड कंपनीची सूत्रे हेन्री फोर्ड यांचे नातू हेन्री फोर्ड दुसरे यांच्याकडे आली. ट्रॅक्टर व्यवसायात तोटा होत असल्याचे कारण देऊन कंपनीने फर्ग्युसन यांच्याशी असलेला तोंडी करार १९४७ मध्ये संपवला. स्वतःची विक्री कंपनी स्थापन करून तिने त्याच जोडणीचा ८एन हा ट्रॅक्टर बाजारात आणला. फर्ग्युसन यांच्या अमेरिकेतील कंपनीकडे विकायला ट्रॅक्टरच उरला नाही. तिने कव्हेंट्रीहून टीई२० मागवून व्यवसाय टिकवला आणि १९४८ मध्ये डेट्रॉइट येथे स्वतःचा कारखाना सुरू केला.

जानेवारी १९४८ मध्ये फर्ग्युसन यांनी फोर्ड कंपनीवर स्वामित्वहक्काचा भंग व व्यवसायाचे नुकसान यांबद्दल २५ कोटी १० लाख डॉलर भरपाईचा दावा लावला. लेखी करार नसल्याने कराराच्या अटी सिद्ध करणे अवघड होते. खटला चार वर्षांहून अधिक काळ चालला. दरम्यान काही महत्त्वाच्या स्वामित्वहक्कांची मुदतही संपत आली. एप्रिल १९५२ मध्ये तडजोड होऊन फर्ग्युसन यांना ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले आणि हायड्रॉलिक यंत्रणेतील काही रचना वापरणे थांबवण्याचे फोर्ड कंपनीने मान्य केले. मिळालेली रक्कम मागणीच्या तुलनेत अल्प होती. मात्र एकट्या संशोधकाने बलाढ्य कंपनीकडून आपला हक्क मान्य करून घेतला, या दृष्टीने फर्ग्युसन यांनी हा निकाल आपला विजय मानला.

मॅसी-हॅरिसमध्ये विलीनीकरण

ऑगस्ट १९५३ मध्ये फर्ग्युसन यांच्या कंपन्या कॅनडातील मॅसी-हॅरिस या कृषी अवजार कंपनीत विलीन झाल्या. त्यांना १ कोटी ६० लाख डॉलर किमतीचे भाग मिळाले. व्यवहाराच्या शेवटी १० लाख डॉलरचा फरक उरला असता तो नाणे उडवून मिटवण्यात आला व त्यात फर्ग्युसन हरले, ही घटना प्रसिद्ध आहे. नव्या कंपनीचे ते अध्यक्ष झाले. परंतु धोरणावरील मतभेदांमुळे १९५४ मध्ये त्यांनी ते पद सोडले. मॅसी-हॅरिस-फर्ग्युसन हे कंपनीचे नाव १९५८ मध्ये मॅसी फर्ग्युसन असे संक्षिप्त झाले.

चारही चाकांना गती देणारी मोटार

आयुष्याच्या अखेरच्या दशकात फर्ग्युसन यांनी फर्ग्युसन रिसर्च या संस्थेमार्फत चारही चाकांना गती देणाऱ्या सुरक्षित मोटारीवर काम केले. शर्यतपटू फ्रेडी डिक्सन व टोनी रोल्ट हे या कामातील त्यांचे सहकारी होते. याच तंत्रावर बांधलेली फर्ग्युसन पी९९ ही शर्यतीची मोटार चालवून स्टर्लिंग मॉस यांनी सप्टेंबर १९६१ मध्ये औल्टन पार्क येथील गोल्ड कप जिंकला. मात्र तोवर फर्ग्युसन हयात नव्हते. १९६६ मध्ये आलेल्या जेन्सन एफएफ या मोटारीतही हेच तंत्र वापरण्यात आले.

स्वभाव व विचार

फर्ग्युसन नीटनेटकेपणाबद्दल अत्यंत काटेकोर होते. सुट्या भागांची मांडणी, चालकाचा पोशाख व प्रात्यक्षिकाच्या शेताची अवस्था या बाबींत ते तडजोड करीत नसत. सहकाऱ्यांकडून ते हीच अपेक्षा ठेवत आणि त्यामुळे त्यांचे अनेकांशी खटके उडत. शेतीचा उत्पादन खर्च यंत्रांनी कमी केल्यास अन्नाच्या व पर्यायाने सर्वच वस्तूंच्या किमती उतरतील व जगातील दारिद्र्य घटेल, असा त्यांचा सिद्धान्त होता. सरकारांनी तो स्वीकारावा यासाठी त्यांनी बराच प्रयत्न केला, पण त्याला यश आले नाही.

मृत्यू व स्मृती

अखेरच्या वर्षांत त्यांना निद्रानाश व नैराश्य यांनी ग्रासले होते. २५ ऑक्टोबर १९६० रोजी स्टो-ऑन-द-वोल्ड जवळील ॲबट्सवूड येथील राहत्या घरी झोपेच्या औषधाच्या अतिमात्रेने त्यांचा मृत्यू झाला. त्यामागील हेतूबाबत चौकशीत निश्चित निष्कर्ष काढण्यात आला नाही.

उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेने आपल्या २० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. ग्रोवेल येथे त्यांच्या जन्मघरासमोर स्मृतिउद्यान आहे. बेलफास्टजवळील कल्ट्रा येथील अल्स्टर लोकजीवन व परिवहन संग्रहालयात त्यांच्या विमानाची प्रतिकृती ठेवण्यात आली आहे.

भारतात मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांचे उत्पादन मद्रास (आताचे चेन्नई) येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या टॅफे कंपनीमार्फत सुरू झाले. महाराष्ट्रातील द्राक्ष व डाळिंब बागांत चालणाऱ्या लहान ट्रॅक्टरांमागे रोटाव्हेटर, कुळव किंवा फवारणी यंत्र ज्या तीन दांड्यांनी जोडले जाते, ती रचना फर्ग्युसन यांच्या जोडणीचेच प्रमाणित रूप आहे.